कोकणात वीस गुंठे आणि साडेतीनशे फुटांचं घर: निभेल का?

घाटावरचा_निखिल

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी ३४, बायको ३२, मुलगी चार वर्षांची. दोघांच्याही नोकऱ्या हडपसरला. भाड्याचं टू बीएचके आहे, त्यातली एक खोली सामानाने अशी भरलीय की दार उघडलं की काहीतरी अंगावर पडतं. गेल्या मे महिन्यात राजापूर तालुक्यात गावी गेलो होतो. आजोबांचं घर कधीच पडलं, पण चौथरा शाबूत आहे. बाबांच्या वाट्याला साधारण वीस गुंठे येतात. सात हापूसची कलमं, थोडे काजू, खालच्या अंगाला भाताची दोन खाचरं आणि चुलत्यांबरोबर सामाईक विहीर. चौथऱ्यावर बसून चहा पीत होतो तर बायकोच म्हणाली, "इथे एवढंसं घर बांधू. बास झालं की."

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. साडेतीनशे चौरस फुटांचं चिऱ्याचं घर, छपरावर सोलर, पावसाचं पाणी साठवायचं, भात आणि भाजी घरची, चार कोंबड्या. मोजकी भांडी, मोजके कपडे. थोडक्यात, स्वयंपूर्ण. व्हिडिओ खूप पाहिलेत, आता खरं राहणाऱ्यांकडून ऐकायचंय. एवढ्या जागेत तिघांचं भागतं का? वर्षाचं किती पिकतं आणि विकत काय घ्यावंच लागतं? महिन्याला किती पैसे लागतात? आणि जे व्हिडिओत दाखवत नाहीत ते काय?

जुना_तलाठी

चौथऱ्यावर चहा पिऊन झाला असेल तर आता सातबारा काढा. "वाट्याला येतात" हे शब्द मी नोकरीत हजारदा ऐकलेत. कागदावर वाटप झालंय की तोंडी? सामाईक सातबारा असेल तर मुंबईपासून बडोद्यापर्यंतच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लागेल, त्यातले दोघे वारलेले असतील आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नसेल. "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. जुन्या कुळाचं नाव, खाजगी वनाचा शेरा, काहीही निघतं. रस्त्यापासून चौथऱ्यापर्यंतची वाट कोणाच्या जमिनीतून जाते तेही बघा. आज काका जाऊ देतात, उद्या त्यांचा जावई दगडी गडगा घालील.

वडिलोपार्जित आहे म्हणून एक फायदा आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, ती अडचण तुम्हाला नाही. बांधकामाचं मात्र आधी तहसीलमध्ये लेखी विचारा. आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे कृपा करून लक्षात ठेवा. जुन्या घराची नोंद अजून असेल तर ती जिवापाड जपा, पुढचं सगळं त्यावरच सोपं होईल.

पडवीवाली

निखिल, माझी मुलगी तुझ्याहून वर्षाने लहान आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आम्ही २०१४ च्या दिवाळीनंतर डोंबिवली सोडली. मी बँकेत कॅश काउंटरला होते, स्वेच्छानिवृत्ती घेतली. ह्यांचं मूळ गाव कुडाळ तालुक्यात. आम्ही राहतो तो खरं तर मांगर, सासऱ्यांच्या वेळी तिथे गुरं असायची. १८ बाय २२ फूट, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मधली खोली, स्वयंपाकघर, कोपऱ्यात न्हाणी. ३९६ चौरस फूट. पाहुणे येतात आणि म्हणतात, कित्ती छोटं आणि कित्ती सुरेख!

त्यांना पडवी दिसत नाही. घराला चारी बाजूंनी पाच फुटांची पडवी आहे. गुणाकार करून बघ, ५०० चौरस फूट भरते. म्हणजे आमच्या घरापेक्षा आमची पडवी मोठी. तिथे रचलेली लाकडं आहेत, भाताची कणगी, सोलायचे नारळ, वाळायच्या सुपाऱ्या, घमेली, फावडी, दोन कोयते, कुत्रा, आणि जून ते सप्टेंबर आमचे सगळे कपडे. शहरात घर छोटं चालतं कारण बाकीचं घर दुकानात आणि लाँड्रीत असतं. इथे तेल, तांदूळ, सरपण, अवजारं सगळं वर्षभराचं आणि सगळं घरात. बांधशील तेव्हा खोल्या हव्या तेवढ्या लहान कर, पडवीत कंजुषी करू नकोस. आणि पावसाच्या बाजूला मेअखेरीस माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची, नाहीतर झडीने भिंत आतून हिरवी होते.

पाणी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. छप्पर साधारण ८३ चौरस मीटर, म्हणजे आमच्या एवढ्याशा कौलांवर अडीच लाख लिटर पडतं. ऐकायला केवढं वाटतं! पण ते पडतं चार महिन्यांत, जेव्हा विहीर काठोकाठ असते आणि पाण्याचं नाव नको वाटतं. इथला जांभा दगड पाणी धरत नाही, मार्चअखेर आमच्या विहिरीत बादली तळाला खरवडते. म्हणून अडीच लाखांतले फक्त १५ हजार लिटर आम्ही टाकीत धरतो. दोघांना दिवसाला दोनशे लिटर, म्हणजे १ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत जेमतेम. त्यातून झाडांना एक तांब्याही नाही. एप्रिल-मेमध्ये हिरवीगार भाजी दाखवणारा व्हिडिओ बघितलास की बोअरवेल कुठेय ते विचार.

भात १८ गुंठ्यांत होतो. बरं वर्ष असेल तर सहा क्विंटल, गिरणीतून आला की पावणेचार-चार क्विंटल तांदूळ. आम्हा दोघांना १६० किलो पुरतो, बाकी ठाण्याला मुलीकडे आणि इकडेतिकडे. मी कॅशियर, वही ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. गेल्या वर्षी टिलरचं भाडं, लावणी-कापणीची मजुरी, खत धरून १९ हजार गेले. म्हणजे तांदूळ किलोला ४८ रुपये पडला, आमची दोघांची मेहनत फुकट धरून. दुकानात साधारण त्याच भावात मिळतो. ह्यांना हा हिशेब दाखवला तर म्हणाले, ते पान फाडून टाक. भात काढल्यावर त्याच ओलीवर कुळीथ आणि चवळी होते, त्याला मात्र खर्च नाही. पिठी वर्षभर घरची. नारळ घरचे, कोकम घरचं, मिरी थोडी. गहू, तूरडाळ, गूळ, चहा, मीठ आणि कांदे विकत. कांदा आमच्या जमिनीत धड होत नाही. लिंबाएवढा होतो आणि सडतो.

भाजीचं सांगताना मला अजून राग येतो. पहिली चार वर्षं मी काय काय लावलं! २०१९ च्या जानेवारीत एका सकाळी वानरांचा कळप आला. चवळीचे वेल उपटले, पपया अर्धवट खाऊन फेकल्या, दुधीचं एक फूल ठेवलं नाही. एक मोठा हुप्प्या गडग्यावर बसून माझ्याकडे बघत वांगं खात होता. जाळी, फटाके, बुजगावणं सगळं झालं, आठवड्याने त्यांना सवय होते. आता ते खात नाहीत तेच लावते. हळद, आलं, अळू, मिरची. म्हणजे काय खायचं ते मी नाही, वानर ठरवतात. तरी बरं, दोडामार्गकडे तर हत्ती आहेत.

आणि हेच वानर कौलांवरून उड्या मारतात. मागच्या जुलैत रात्री दोनला जाग आली ती टप-टप आवाजाने. कौल फुटलं होतं, नेमकं कणगीच्या वर. हे शिडीवर, मी खाली बॅटरी धरून. काठीने आतून शेजारचं कौल वर सरकवायला गेले तर तेही निसटलं आणि बादलीभर पाणी ह्यांच्या तोंडावर. शेवटी पडवीतून पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, आणली, उभी दुमडून पन्हळ केली आणि वाशात अडकवली, तेव्हा पाणी भिंतीच्या कडेने न्हाणीत गेलं. कणगीवर छत्री उघडून ठेवली आणि पहाटेपर्यंत दोघं आळीपाळीने बादल्या रिकाम्या करत बसलो. सकाळी शेजारचा मुलगा आला, पाच मिनिटांत नवं कौल बसवलं आणि उतरताना म्हणाला, "काकी, कौलां मे म्हयन्यात परतूची लागतत, पावसात न्हय."

त्याला मी दोनशे रुपये द्यायला गेले. पोरगा असा ओशाळला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर चार दिवस त्याची आई माझ्याशी बोलली नाही. डोंबिवलीत प्लंबर यायचा, पैसे घ्यायचा, विषय संपायचा. इथे पैसे दिले की संबंध संपतो, असा त्याचा अर्थ होतो. आता मी वाडीतल्या आठ घरांची बँकेची कामं करते. केवायसी, पेन्शनचा हयातीचा दाखला, पीककर्जाचे कागद, मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. त्या बदल्यात कौलं परतली जातात, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवली जातात, माडावर कोणी चढतं, भाताला बाई मिळते. कोणी हिशेब बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तो पक्का असतो. मी तर खरंच वहीत लिहायचे आधी, ह्यांनी बंद करायला लावलं. तेव्हा "स्वयंपूर्ण" हा शब्द तू वापरलास ना, तो इथे विसर. मी डोंबिवलीत स्वयंपूर्ण होते. पगार झाला की कोणाचं तोंड बघायला लागत नव्हतं.

बाकीचं नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. हो, गॅस आहे. चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला.

वरळी_१६०

गंमत वाटते वाचून. माझा जन्म बीडीडी चाळीतला. १६० चौरस फूट, माणसं आठ, संडास बाहेर सामाईक. भांडी मोजकीच होती, कारण ठेवायला जागा नव्हती. आजी कॉटवर, आम्ही तिघं कॉटखाली, काका नाइट शिफ्टला म्हणून त्याची जागा रात्री मोकळी. गव्हाची कोठी, त्यावर शिलाई मशीन, त्यावर माझा अभ्यास. आम्हाला कोणी साधं जीवन जगता म्हणून शाबासकी दिली नाही बुवा. आता पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळतंय तर आई म्हणते, एवढं झाडायचं कोणी?

निखिल, एक खरं विचारतो. साडेतीनशे फुटांत तुम्ही तिघं, बाहेर चार महिने पाऊस. भांडलात तर जाणार कुठे? आम्ही गॅलरीत जायचो.

पडवीवाली

वरळीकर, पडवीत! अजून कुठे. पूर्वेकडची माझी, पश्चिमेकडची ह्यांची.

वर्धेकर

सेवाग्रामला शाळेच्या सहलीपासून आजवर वीसेकदा गेलो असेन. बापू कुटी बघून प्रत्येक जण हेच म्हणतो, बस एवढ्यात राहता आलं पाहिजे. मातीच्या भिंती, बांबू, वरून कवेलू, आमच्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यातही आत बरं वाटतं. पण कुटीतून बाहेर निघून जरा फिरून बघा. सामूहिक स्वयंपाकघर, गोशाळा, शेती, कार्यकर्त्यांची घरं, आणि मागे जमनालाल बजाजांसारखा उद्योगपती. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांना मलेरियाने गाठलं. पडवीवाल्या ताई म्हणतात ते म्हणूनच पटलं.

एक सूचना. तिकडे चिरा मिळतो तर चिराच वापरा. आमच्याकडची मातीची भिंत बघून कोकणात नेऊ नका, पहिल्याच पावसात विरघळेल.

घाटावरचा_निखिल

सगळ्यांचे आभार. तलाठी काका, सातबारा काढला. चौदा नावं आहेत. त्यातली पाच मला माहीतच नव्हती.

काकू, तुमची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती विरीपर्यंत हसत होती आणि दोनशे रुपयांपाशी गप्प झाली. तीन गोष्टी राहिल्या. महिन्याचा खर्च, शाळा आणि दवाखाना. आणि सोलरवर खरंच भागतं का? आमच्यापैकी एक जण घरून काम करू शकतो.

पडवीवाली

चौदाच? सुटलास. आमच्यात ३१ होती.

खर्च. गेल्या वर्षाची सरासरी महिन्याला १६ हजार. त्यात किराणा साडेचार, पेट्रोल दोन (दुकान सहा किलोमीटरवर), औषधं आणि आरोग्य विम्याचा हप्ता मिळून चार, बाकी मजुरी, दुरुस्ती, लग्नकार्य, देवळाची वर्गणी. लग्नकार्याला कमी धरू नकोस, मे महिन्यात आठवड्याला दोन असतात. घरभाडं नाही, भात-नारळ घरचे, तरी एवढे लागतात. हे पैसे येतात माझ्या पेन्शनमधून. आंब्याचे येतात, पण एका वर्षी मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर वर्ष गेलं. पेन्शन नसती तर आम्ही तिसऱ्या वर्षी परत डोंबिवलीत असतो, हे मी कोणाहीपुढे सांगते. तेव्हा एकाची नोकरी ठेव. मात्र आधी चौथऱ्यावर फोनला रेंज किती येते ते पावसात बघ. आमच्याकडे ती काजूच्या झाडाखाली येते. पावसात छत्री घेऊन मीटिंग करणारे एक साहेब आहेत वाडीत.

सोलर. दोन पॅनल आणि एक १५० एएचची बॅटरी. त्यावर दिवे, दोन पंखे, मोबाइल. ऑक्टोबर ते मे काही बघायला लागत नाही. जुलैत सलग दहा-बारा दिवस सूर्य दिसला नाही की संध्याकाळी सातलाच बॅटरी शिट्टी मारते. फ्रिज आणि मिक्सर सोलरवर नाही. विजेचं कनेक्शन ठेवलंय आणि ठेवणार. वाटण पाट्यावर करायचा प्रयोग मी पहिल्या वर्षी केला, खांदा धरला, मिक्सर घेतला.

दवाखाना. ताप-खोकल्याला गावात डॉक्टर आहेत, त्यापुढे कुडाळ नाहीतर ओरोस, आणि मोठं काही झालं की गोव्यात बांबोळी. तुला रत्नागिरी किंवा कोल्हापूर पडेल. घाट आणि पाऊस धरून किती तास लागतात ते एकदा गाडीने जाऊन मोज, नकाशावर नको. ह्यांना मण्यार चावली नाही, पण उशीखाली सापडली होती. तेव्हापासून मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय दिवा मालवत नाही.

शाळेचं मी फार बोलणार नाही, मूल माझं नाही. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट सात आहे. बाई जीव तोडून शिकवतात, पण तुझ्या मुलीला तिच्या वयाची मैत्रीण असेल की नाही हे बघायला हवं. दोन लहान मुलं असलेलं घर जवळ आहे का, एवढं शोध. मला ते सातबाऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तू विचारलं नाहीस, पण संडास विहिरीपासून ५० फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. दोन खड्ड्यांचा. आणि पुस्तकं आणणार असशील तर लोखंडी कपाट आण. माझी पहिल्या पावसात गेली. दासबोधाला पांढरी मिशी आली होती.

एवढं सगळं वाचून वाटेल ही बाई वैतागलीय. तसं नाहीये रे. पण ते तू चौथऱ्यावर बसून पाहिलंच आहेस, मी काय वेगळं सांगू?

घाटावरचा_निखिल

काकू, बांधायचं पुढे ढकललंय. यंदा जून ते सप्टेंबर चुलत्यांच्या घरातली एक खोली भाड्याने मागतोय. भाडं म्हणावं की नाही, आता तेच कळत नाहीये. आणि जमलं तर त्याआधी दोन दिवस तुमच्याकडे आलो तर चालेल का? मांगर बघायचाय.

पडवीवाली

भाडं म्हणू नकोस. काकांच्या घराची कौलं परतायला मेअखेरीस आठ दिवस आधी जा, आणि काकूंना विचार बँकेचं काही अडलंय का. अडलेलं असतंच.

आमच्याकडे जरूर या. झोपायला पूर्वेकडची पडवी देईन. येताना घाटावरून दहा किलो कांदे आणा, जाड सालीचे. टिकायला हवेत.